पोराला चार ओळी लिहून द्या

पाच हॉर्सपॉवरची सबमर्शिबल मोटार भरता येते की नाही, हे तोंडी विचारून कळत नाही. जळालेली तार उपसून काढायची, वेढे मोजायचे, तारेचं गेज बघायचं आणि नवी तार एकेका खाचेतून हाताने ओवायची. पाण्यात चालणाऱ्या मोटारीत तयार कॉइल बसवता येत नाही. एक वेढा झाला की दुसरा, मग तिसरा. ओवताना तारेवरचं प्लास्टिक कुठे खरवडलं गेलं तर ते मोटार बोअरमध्ये उतरल्यावरच समजतं, आणि तोवर शेतकरी पुन्हा दुकानासमोर येऊन उभा असतो. हे काम एकट्याने करून जो मोटार परत येऊ देत नाही, त्याला आमच्या धंद्यात कारागीर म्हणतात. तिथवर पोचायला हुशार पोरालाही तीनेक वर्षं लागतात.

परभणीत जिंतूर रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. काम वर्षभर असतं आणि रब्बीत तर उसंत नसते. एक फेज जातो, दाब उतरतो, रात्री उशिरा लाइन आली की शिवारातले सगळे ऑटो स्विच एकदम मोटारी उचलतात. मग सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जळालेल्या मोटारी घेऊन माणसं येतात. पाळीचं पाणी चुकायला नको म्हणून प्रत्येकाला आजच्या आज हवी असते. या घाईत पोरांचा हात जसा तयार होतो तसा कुठल्याच वर्कशॉपमध्ये होणार नाही.

हीच पोरं पुण्याला गेली की फ्रेशर ठरतात.

चाकण, भोसरी, रांजणगाव, इकडे वाळूज, कुठेही जा. गेटवर पहिला प्रश्न ठरलेला: कंपनीचा एक्स्पीरियन्स आहे का? गावाकडे दुकानात काम केलंय म्हटलं की समोरचा बायोडाटा बाजूला ठेवतो. गंमत अशी की, उद्योगांनी ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत असं राज्य सरकारचं धोरण आहे आणि त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस. म्हणजे पालमचा पोरगा चाकणला कागदोपत्री स्थानिकच. पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सने उतरून, मोशीत सहा जणांच्या खोलीत पथारी टाकून तो गेटवर उभा राहतो, तेव्हा परमुलखातून आलेल्यापेक्षा त्याची किंमत काही वेगळी नसते. त्याला ओळखणारं तिथे कुणी नाही. माझ्या मते सगळी अडचण एवढीच आहे.

आत शिरायचे रस्ते दोन. मामा नाहीतर भावकीतला कुणी आत लाइन लीडर असला तर एक, आणि नसला तर लेबर काँट्रॅक्टर. मामावाल्यांवर माझा राग नाही. फक्त त्यांची निवड अनुभवावर झाली असं कुणी सांगू नये. काँट्रॅक्टरकडून जाणाऱ्याला हेल्परची जागा मिळते आणि सात महिने होत आले की ब्रेक. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने कामगाराचे काही हक्क उभे राहतात, म्हणून ते दिवस भरूच द्यायचे नाहीत, हा हिशोब. ब्रेकनंतर दुसरा काँट्रॅक्टर, दुसरं गेट, पुन्हा नवखा. अशी दोन-तीन वर्षं काढून आलेल्या पोराच्या खिशात जुने गेटपास सापडतात, पत्र एकही नसतं. माझ्याकडे शिकून गेलेल्या एकाने फोनवर सांगितलं ते मी विसरलेलो नाही. “काका, इथं मोटार जळाली की बाहेरून मिस्त्री बोलावतात, अन् मी तिथंच बाजूला खोके उचलत असतो.”

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलोय. का म्हणतो ते विचारू नका, जितकी माणसं तितक्या गोष्टी ऐकायला मिळतील. पण आता जर्मनीचा विषय खरोखरच निघालाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार माणसं पाठवायची होती. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, स्वयंपाकी अशी कामांची यादी निघाली. त्या कराराचं पुढे जे व्हायचं ते होवो. मला त्यापेक्षा जर्मनीने स्वतःच्या कायद्यात काय बदललं ते महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्याकडे ते फारसं कुणी नीट वाचलेलं नाही.

१ मार्च २०२४ पासून तिथे नवा नियम आला. आपल्या देशात मान्यता असलेलं किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा दोन वर्षांचा अनुभव असेल, तर बऱ्याच व्यवसायांत शिक्षणाची जर्मन मान्यता आधी मिळवावी लागत नाही. नोकरी आधी हातात हवी आणि पगार ठरावीक रकमेच्या वर हवा, या अटी आहेतच. त्याच वर्षी १ जूनपासून चान्सनकार्ट म्हणून एक कार्ड सुरू झालं. त्यावर तिकडे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते. त्यासाठी सहा गुण लागतात. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल तर दोन गुण, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा असेल तर तीन. भाषा आणि वय यांचे गुण वेगळे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे, म्हणजे शिक्षणाची अट बसते. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, त्याचं तिथेच अडतं.

यात अनुभव जर्मनीतलाच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. चाकणच्या गेटवर न चालणारा परभणीचा अनुभव जर्मनीच्या कायद्यात चालतो. मात्र तो लेखी हवा. कधीपासून कधीपर्यंत, कुणाकडे, काय काम केलं, खाली सही. तिकडे नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला मालकाकडून असं लेखी पत्र मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. कामाचं स्वरूप आणि कालावधी त्यात लिहावाच लागतो, आणि कामगाराने मागितलं तर काम कसं केलं, वागणूक कशी होती, तेही. जिथे सगळ्यांकडे असा कागद असतो, तिथे कागदाशिवाय आलेल्या माणसाकडे संशयाने बघितलं तर नवल नाही.

शिकलेल्यांचंही वेगळं नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाचा इंजिनिअर मुलगा कॅनडात जाऊन पहिले काही महिने गोदामात माल लावत होता, कारण प्रत्येक जाहिरातीत ‘कॅनडातला अनुभव हवा’ ही ओळ. तिथल्या ओंटारिओ प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच ही अट भेदभावाची ठरू शकते असं सांगितलं होतं. २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत ती अट घालायला कायद्याने बंदी आली ती १ जानेवारी २०२६ पासून. बारा वर्षं लागली. आपल्याकडे असा कायदा कधी येईल याची वाट बघत बसण्यात मला रस नाही. आणि जाहिरातीतली ओळ खोडली म्हणून साहेबाच्या मनातली खोडली जाते, असंही नाही.

आपल्याच जिल्ह्यात एक काम असं आहे की ज्यात नव्या मुलखात जाऊनही कुणी अनुभव विचारत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची माणसं ऊसतोडीला पार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कुठल्या कोयत्याचा हात कसा चालतो हे मुकादमाला पाठ असतं आणि कारखाना मुकादमाच्या शब्दावर टोळी घेतो. त्या पद्धतीतली उचल आणि पिळवणूक सगळ्यांना माहीत आहे, तिची भलामण मला करायची नाही. सांगायचं एवढंच की, तिथे अनोळखी माणसाच्या मागे बोलणारा एक माणूस उभा असतो. आयटीआय करून माझ्याकडे तीन वर्षं तार ओवलेल्या पोरामागे तेवढंही कुणी नाही.

तो माणूस आपण व्हायला हवं, आपण म्हणजे मालक लोकांनी. रिवाइंडिंगवाले, फॅब्रिकेशनवाले, ट्रॅक्टरचे गॅरेजवाले, मानवत-सेलूकडचे जिनिंगवाले, हॉटेलवाले, दवाखानेवाले. आपल्याकडे पोरं कामाला असतात, पगार हातात देतो आणि एक दिवस पोरगं ‘येतो मालक’ म्हणून निघून जातं. त्याच्या उमेदीच्या वर्षांची नोंद आपल्या वहीतसुद्धा नसते.

याबद्दल मी बऱ्याच दुकानदारांशी बोललोय. पहिली भीती कागदाची. लिहून दिलं तर उद्या पीएफवाले येतील, ईएसआयवाले येतील. अहो, पीएफ साधारण २० माणसांपासून लागतो आणि ईएसआय १० पासून. आपल्या दुकानात चार माणसं. ज्यांच्याकडे खरोखर पंचवीस माणसं आहेत आणि तरी कागद नाही, त्यांची भीती खरी आहे, आणि ती असायलाच पाहिजे. राहिलं किमान वेतन. ते चार माणसांनाही लागू आहे, आणि ते देत नसाल तर मग पत्र हा तुमचा छोटा प्रश्न झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या तेव्हा केंद्र सरकारने कामगारांना नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केल्याचं सांगितलं. म्हणजे वारं त्याच दिशेचं आहे.

दुसरी भीती कुणी उघड बोलत नाही. पत्र दिलं की पोरगं पळतं. पळतंच. पण पत्र न देताही पळतं, फक्त पुण्यात जाऊन खोके उचलतं. आणि माझ्या दुकानापुरतं सांगतो, पत्र घेऊन गेलेल्या पोराच्या गावातून पुढच्या हंगामात दुसरं पोरगं आपणहून येतं. त्याच्या बापाला माहीत असतं की इथे काम शिकवतात आणि लिहूनही देतात.

पत्र कसं असावं, तेही सांगतो. ‘सदर इसम होतकरू व प्रामाणिक असून’ वगैरे कुणी वाचत नाही. माझ्या लेटरहेडवर असं असतं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे पूर्णवेळ कामाला होता. तीन ते पंधरा हॉर्सपॉवरच्या सबमर्शिबल व मोनोब्लॉक मोटारी स्वतंत्रपणे भरतो. मेगर लावून इन्सुलेशन तपासतो. स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी व दुरुस्ती करतो. बेअरिंग व बुश बदलतो. पॅनेलच्या पीएलसीचं काम केलेलं नाही. खाली सही, शिक्का, मोबाइल नंबर. जे येत नाही तेही लिहावं, असा माझा आग्रह आहे. त्यामुळेच वरच्या ओळींवर विश्वास बसतो. भोसरीतल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्या साहेबांनी असं पत्र वाचून मला फोन केला होता. हवापाण्याचं काही बोलले नाहीत, थेट विचारलं, “छत्तीस खाचांची मोटार एकटा भरतो का?” मी म्हटलं, भरतो. पोराला त्याच आठवड्यात बोलावणं आलं.

खोटी पत्रं निघतील हे मला मान्य आहे. पुतण्याला, मेहुण्याला लोक लिहून देतील. त्यावर उपाय आयटीआयकडे आहे. महिन्यातून एक दिवस शिल्पनिदेशकांनी पत्र घेऊन आलेल्या पोरासमोर जळालेली मोटार ठेवावी, काम बघावं आणि पत्राच्या मागे आपली सही करावी. मोटारी मी पुरवतो. त्यांची या जिल्ह्यात कधीच टंचाई नव्हती.

पत्राचा कोरा नमुना मी छापून ठेवलाय, मराठीत एक आणि इंग्रजीत एक. ज्या दुकानदाराला हवा त्याने येऊन घेऊन जावा. फक्त संध्याकाळी सहानंतर या, त्याआधी हात तारेत असतात.