‘बाजू ऐकून घ्या’ म्हटले की लगेच बाजू घेतली, असे कसे?

कॉलेजात एखाद्या मुलावर लैंगिक छळाचा आरोप झाला की आपल्या चळवळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन तासांत निकाल लागतो. मुलगी आपली असेल तर मुलाला हाकला. मुलगा आपला असेल तर मुलगी खोटारडी. चौकशी समितीचे नाव कुणी काढत नाही. जो काढतो त्याला ‘तुम्ही आरोपीच्या बाजूचे’ असे सुनावले जाते. त्या सुनावण्याला आमचे हे उत्तर.

हा राग कुठून आला ते आम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये राया सरकार यांनी लैंगिक छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांची यादी फेसबुकवर टाकली, तेव्हा काही नामवंत स्त्रीवाद्यांनी ‘रीतसर प्रक्रिया पाळा’ असे निवेदन काढले. त्यावर दलित-बहुजन मुलींनी विचारले, ज्या समितीत त्याच प्राध्यापकाचे मित्र बसतात, तिथे आम्ही जायचे कशाला? प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. पण त्यातून आपल्यातल्या काहींनी ‘प्रक्रिया हेच सवर्णांचे थोतांड’ असा निष्कर्ष काढला, तो आम्हाला मान्य नाही. चवदार तळ्याचे पाणी नाकारले म्हणून बाबासाहेबांनी पाणी वाईट ठरवले नाही. ते महाडला गेले.

बाबासाहेबांचेच घ्या. संविधान सभेने आजच्या कलम २१ मधून ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द वगळले, तेव्हा गेलेले थोडे तरी भरून निघावे म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनीच नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. पोलिसी खाक्या कुणाच्या पाठीवर उतरतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

आता काही जण म्हणतात, प्रक्रिया म्हणजे मुलीला आरोपीसमोर बसवून तिची उलटतपासणी. हे साफ चूक आहे. १९७२ साली रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात काही मुले रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात नग्नावस्थेत शिरल्याची तक्रार ३६ मुलींनी केली. समितीने मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत घेतले, फोटोंवरून ओळख पटवली, मग मुलांना आरोप सांगून त्यांचे म्हणणे घेतले. मुलांना काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ती कारवाई कायम केली. नैसर्गिक न्यायाचा साचा सगळीकडे एकच नसतो, असे न्यायालय म्हणाले. मुलींना संरक्षणही मिळाले आणि मुलांना आपल्यावर आरोप काय आहे तेही कळले.

याच्या उलट उदाहरण गोव्याचे. तिथे आरोपी विद्यार्थी नव्हता, गोवा विद्यापीठातला विभागप्रमुख होता. विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ च्या. समितीने घाईघाईत बैठका उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा मधल्या टप्प्यापासून करायला सांगितली. चौदा वर्षे गेली. त्या मुलींच्या हाती काय आले? समितीची घाई शेवटी आरोपीच्याच कामी आली.

यूजीसीचे २०१५ चे नियम वाचा. तक्रारीची प्रत सात दिवसांत आरोपीला द्यायची, उत्तराला त्याला दहा दिवस, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख समितीत नकोत. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. यातले किती तुमच्या कॉलेजात होते? आम्ही ज्या कॉलेजांत जातो तिथे बहुतेक मुलांना समितीच्या अध्यक्ष मॅडमचे नावही सांगता येत नाही.

प्रक्रिया मोडली की मार कुणाला बसतो? वजनदार बापाचा मुलगा दुसऱ्या दिवशी वकील उभा करतो, हायकोर्टातून स्थगिती आणतो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलाचे वसतिगृह सुटले की शिक्षणच सुटते. मारहाणीच्या आरोपावरून रोहित वेमुलासह पाच दलित विद्यार्थ्यांना हैदराबादच्या विद्यापीठाने वसतिगृहाबाहेर काढले, त्यानंतर काय झाले हे आपण विसरलेलो नाही. खर्ड्याच्या नितीन आगेला तर आरोपपत्रही मिळाले नाही. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावर २०१४ साली त्याचा जीव घेतला गेला. ऐकून न घेता शिक्षा देणे ही गावकीची जुनी रीत आहे. ती आपण कॉलेजात कशाला न्यायची?

पण एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे. रोहितचे, नितीनचे नाव घेऊन दोषी मुलाला पाठीशी घालणाऱ्यांना आमच्या लेखात आधार मिळणार नाही. चौकशीत आपला कार्यकर्ता दोषी ठरला तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि संघटनेतूनही तो गेला पाहिजे. जातीचे दाखले तिथे चालणार नाहीत. तक्रार करणारी मुलगीही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते आणि तिला ‘चळवळीची बदनामी नको’ म्हणून गप्प बसवणारेही आपलेच असतात.

म्हणून मागण्या साध्या आहेत. समितीवर एससी-एसटी-ओबीसी स्त्रिया हव्यात. विद्यार्थी प्रतिनिधी निवडणुकीने यावेत, प्राचार्यांच्या मर्जीने नकोत. कागदपत्रे दोन्ही बाजूंना मराठीत मिळावीत. चौकशी चालू असताना मुलीला संरक्षण मिळावे आणि मुलाचे शिक्षण तुटू नये. दोघांचे वर्ग वेगळे करता येतात. निकाल कारणांसह लेखी हवा. आणि तोपर्यंत दोघांचीही नावे ग्रुपवर फिरवणे बंद.

हे मागायला यूजीसीचे कार्यालय गाठावे लागत नाही. उद्या आपल्या कॉलेजात जा आणि समितीची यादी मागा. नसेल, तर लढाई तिथूनच सुरू होते.

जय भीम!