सप्टेंबरच्या मालिका आणि चार भाषांचे सोलापूर

हा अंक हाती पडेल तेव्हा घरोघरी गणपती बसलेले असतील आणि दर जाहिरातीच्या वेळी नव्या कार्यक्रमांच्या झलकी सुरू झालेल्या असतील. सप्टेंबर २०२५ हा आपल्या केबलच्या धंद्यातला भरगच्च महिना आहे. ७ तारखेला, रविवारी, स्टार मा वाहिनीवर नागार्जुन यांच्या सूत्रसंचालनात तेलुगू ‘बिग बॉस’चे नववे पर्व सुरू होते. ९ पासून अमिरातीत क्रिकेटचा आशिया चषक. १५ ला, सोमवारी, स्टार प्रवाहवर ‘लपंडाव’ आणि ‘नशीबवान’ या दोन नव्या मराठी मालिका. २८ ला कलर्स कन्नडवर सुदीप यांच्या ‘बिग बॉस’चे बारावे पर्व. राज्यातल्या दुसऱ्या एखाद्या शहरातल्या केबलचालकाचे यातल्या दोन तारखांवर भागेल. सोलापुरात चारही लक्षात ठेवाव्या लागतात.

याचे कारण आपण रोज पाहतो. साखर पेठेतून, अशोक चौकातून विडी घरकुलाकडे गेलो की घराघरांतून तेलुगू ऐकू येते. मंद्रूप, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. विजापूर वेशीत दखनी आणि उर्दू. शाळा, कचेरी आणि बाजार मराठीत. तरीही आपण विकतो ते पॅक बहुतेक वेळा महाराष्ट्र म्हणजे मराठी आणि हिंदी, एवढ्याच हिशेबाने बांधलेले असतात. तेलुगू वाहिनी हवी असेल तर ग्राहकाने ती सुटी मागायची. बऱ्याच ग्राहकांना ती सुटी मागता येते, हेच ठाऊक नसते. मग ७ तारखेला संध्याकाळी पडद्यावर ‘ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही’ अशी पाटी येते आणि आपला फोन वाजू लागतो. दोन दिवस तो उचलला गेला नाही, तर त्या घरातला मुलगा आजीला मोबाइलवर कार्यक्रम लावून देतो. ते घर मग परत येत नाही.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. अखिल भारतीय डिजिटल केबल महासंघ आणि ईवाय यांचा अहवाल जुलैत आला, तो प्रत्येकाने वाचावा. २८ हजारांहून अधिक स्थानिक केबलचालकांशी बोलून तो केला आहे. देशात पैसे भरून टीव्ही पाहणारी घरे २०१८ मध्ये १५ कोटी १० लाख होती, २०२४ मध्ये ११ कोटी १० लाख उरली. हीच चाल राहिली तर २०३० पर्यंत ती ७ ते ८ कोटींच्या आसपास येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात मोफत डिशचा वाटा आहे, मोबाइलचा आहे आणि वाढलेल्या दरांचाही आहे.

मोबाइलचे ताजे उदाहरण पाहा. हिंदी ‘बिग बॉस’चे एकोणिसावे पर्व २४ ऑगस्टला सुरू झाले. रोजचा भाग जिओहॉटस्टारवर रात्री ९ ला दिसतो आणि कलर्स वाहिनीवर साडेदहाला. पैसे भरून वाहिनी घेणाऱ्या ग्राहकाने दीड तास थांबायचे, हे आम्हाला मान्य नाही. वितरकांच्या संघटनांनी हा प्रश्न वाहिन्यांपुढे आणि नियामकापुढे लावून धरला पाहिजे. एकच कार्यक्रम दोन ठिकाणी विकायचा असेल, तर निदान वेळ तरी एकच असावी.

ही लढाई वर चालत राहील. आपल्या हातात आहे ती गल्ली. सोलापूर हे २०१३ साली डिजिटल झालेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांपैकी एक. बारा वर्षे झाली. कोणत्या घरात कोणता बॉक्स आहे आणि त्यावर कोणत्या वाहिन्या चालू आहेत, याची यादी आपल्या संगणकात पडून आहे. पण त्या घरात बोलतात कोणती भाषा, हे संगणकाला माहीत नसते. ते तुम्हाला आणि तुमच्याकडे वसुली करणाऱ्या पोराला माहीत असते. कोणत्याही ॲपकडे नाही अशी ही एकमेव गोष्ट आपल्याकडे आहे, आणि तिचा उपयोग आपण फार कमी करतो.

‘लपंडाव’चेच घ्या. रूपाली भोसले यांची ही मालिका दुपारी २ वाजता येणार आहे. जाहिरातदारांच्या हिशेबात दुपार दुय्यम असते. आपल्या शहरात ती तशी नाही. विडी कामगार बाई सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन, पान-तंबाखू घेऊन घरी येते, घरचे आवरते आणि मांडीवर सूप घेऊन बसते. हात कामात असतात, कान मोकळे. ती मालिका पाहण्यापेक्षा ऐकतेच जास्त, म्हणून आवाज नीट येणे तिला चित्राइतकेच महत्त्वाचे. तिची भाषा तेलुगू असली तरी मुलांबरोबर मराठी मालिका लागतात, आणि संध्याकाळी सासूला तेलुगू हवे असते. म्हणजे या एका घरात दोन भाषांचे पॅक लागते. कुंभारीच्या रे नगरचा विचार तर वेगळाच करायला हवा. ३० हजार घरांच्या त्या वसाहतीतल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या, आणि तिथे विडी आणि यंत्रमाग कामगारांचीही वस्ती होते आहे. शहरातल्या जुन्या पेठेत ज्यांच्याकडे आपली केबल होती, ते तिथे गेल्यावर कोणाचे ग्राहक झाले?

‘नशीबवान’ रात्री ९ ला आहे. आदिनाथ कोठारे त्यात असल्याने पहिला आठवडा लोक कुतूहलाने पाहतीलच. त्याच्या आदल्याच रात्री, १४ तारखेला, भारत-पाकिस्तान सामना आहे. चषकाचे सामने रात्री ८ ला सुरू होणार असल्याने मालिका आणि क्रिकेट एकमेकांच्या वेळेवर येतात. खेळाच्या वाहिन्या महिनाभरासाठी घालून देण्याची विनंती या काळात हमखास येते. ती मान्य करा, पण मुदत संपण्याची तारीख ग्राहकाला आधी सांगा आणि त्या तारखेला वाहिनी काढा. न मागितलेली वाहिनी चालू ठेवून तिचे पैसे लावणे नियमाविरुद्ध आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यातून विश्वास जातो. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांपर्यंतच असावी लागते. तेवढ्यात एखादे तेलुगू किंवा कन्नड घर टिकत असेल, तर ते ग्राहकाला समजावून सांगायला पाच मिनिटे घालवावीत.

मराठी ‘बिग बॉस’ कधी, हाही प्रश्न येईल. मागच्या वर्षी सूरज चव्हाण जिंकल्यापासून खेड्यापाड्यात त्याची वाट पाहिली जाते. हा अंक छापेपर्यंत वाहिनीने तारीख जाहीर केलेली नव्हती, तेव्हा अंदाजाने काही सांगू नये.

तारांबद्दल मात्र आजच हालचाल हवी. ६ तारखेला, शनिवारी, अनंत चतुर्दशी. उंच मूर्ती, त्याहून उंच ध्वनिक्षेपकांच्या भिंती, आणि त्यांना वाट करून देण्यासाठी बांबूने वर सारलेल्या आपल्या वायरी. मिरवणूक मध्यरात्रीपर्यंत चालते आणि दुसऱ्याच संध्याकाळी तेलुगू ‘बिग बॉस’चा पहिला भाग. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहणही आहे, म्हणजे लोक वृत्तवाहिन्यांसमोर जागे असतील. रविवारी सकाळी माणूस मिळत नाही, हे कारण या वेळी चालणार नाही. मिरवणुकीच्या मार्गावरच्या वायरी शुक्रवारपर्यंत उंच बांधून घ्या, मंडळांच्या कार्यकर्त्यांना फोन नंबर द्या, जोडणीचे सामान आणि दोन माणसे रविवारी पहाटेसाठी राखून ठेवा. शिवाय स्थानिक वाहिनीवर तळाला धावणारी पट्टी मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड लिपीतही द्या: वाहिनीचा क्रमांक, वार, वेळ, दर. चार ओळींचे काम आहे. लिपी येत नसेल तर त्या गल्लीतल्या एखाद्या शिक्षकाकडून लिहून घ्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३० ला, गुवाहाटीत महिलांचा विश्वचषक सुरू होतो. भारताचा पहिला सामना श्रीलंकेशी आहे आणि तो दुपारी ३ ला, म्हणजे सूप मांडीवर असतानाच्या वेळेत. नवरात्राच्या आठवड्यात तुमच्या भागात कोणती वाहिनी किती घरांनी नव्याने मागितली आणि कोणती बंद केली, ते भाषेनुसार लिहून आमच्याकडे पाठवा. ऑक्टोबरच्या अंकात आपण ते पेठेपेठेनुसार छापू.