संगणक मध्येच बंद पडतो? आधी वही घ्या!

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला तर आपण काय करतो? आधी भांडं नीट बसलंय का ते बघतो. मग प्लग दुसरीकडे लावून बघतो, तळाचं लाल बटण दाबून बघतो. एवढं करूनही चालला नाही, तरच तो पिशवीत घालून दुकानात नेतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या पायरीलाच हात टेकतो. ‘मला नाही बाई त्यातलं काही कळत,’ म्हणून मोकळ्या होतो आणि मग दुकानदार मागेल तेवढे पैसे मोजतो.

हल्ली कॉलेजात जाणारी मुलं सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जुळवतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर आईवडिलांना सोबत घेऊन याद्या पडताळणारी कितीतरी मुलं दिसतील. त्यात वावगं काहीच नाही. हवे तसे भाग घेता येतात आणि एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. अडचण एकच. तयार संगणकाची जबाबदारी एका कंपनीची असते. जुळवलेल्या संगणकाच्या प्रत्येक भागाची पावती वेगळी, गॅरंटी वेगळी. बिघाड नेमका कुठल्या भागात आहे, हे शोधणं आपल्यावरच येतं.

आणि हा संगणक चालता चालता मध्येच बंद पडू लागला की घरात काय होतं ते मी सांगायला नको! ‘तयार घ्या म्हणत होतो,’ हे म्हणतात. ‘रात्रंदिवस गेम खेळल्यावर दुसरं काय होणार?’ सासूबाई म्हणतात. मुलगा तोंड फुगवून बसतो. आणि आपण अर्धी टाईप केलेली प्रश्नपत्रिका किंवा सोसायटीचा हिशेब गेला, म्हणून कपाळाला हात लावतो. तेव्हा दोष कुणाला द्यायचा हे ठरवण्याआधी दोष आहे कुठे, ते पाहू या.

आधी आतलं सामान वाचवा

दूध उतू जात असताना आधी गॅस बंद करावा, फडकं मागून शोधावं. तसंच इथे. संगणक चालू आहे तोवर फोटो, मुलांच्या वह्या-प्रकल्प, हिशेब, महत्त्वाची कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. दर वेळी वीज एकदम तुटते, तेव्हा त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल खराब होण्याचा धोका असतो. बिघडलेला भाग पैसे देऊन परत मिळतो, मुलीच्या बारशाचे फोटो मिळत नाहीत.

मग वही घाला

दूधवाल्याची घालतो तशीच एक वही संगणकाची घाला. तारीख, वेळ, त्या वेळी संगणकावर काय चाललं होतं, कसा बंद पडला आणि घरात दुसरं काय चालू होतं, एवढं लिहा. आठ-दहा दिवसांत त्यातून काहीतरी सूत्र दिसू लागतं.

‘कसा बंद पडला’ हे सर्वांत महत्त्वाचं, कारण त्याच्या तीन तऱ्हा असतात. दिवा मालवावा तसा एकदम विझला, तर वीज, एसएमपीएस किंवा उष्णता यांच्याकडे बघावं. निळा पडदा येऊन (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत २०२५ पासून तो काळा झाला आहे) संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला, तर संशय रॅम, डिस्क किंवा ड्रायव्हर यांच्यावर. चित्र जागीच गोठलं आणि माउसही हलेना, तर कारण दोन्हीकडचं असू शकतं.

विंडोज स्वतःही एक वही ठेवत असते. तिचं नाव इव्हेंट व्ह्यूअर. त्यात ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की मुलं घाबरतात. तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. कशामुळे, ते ती सांगत नाही. तेव्हा ही नोंद दाखवून कुणी ‘अमुकच भाग गेला’ म्हणाला तर लगेच मान डोलावू नका.

वीज

भिंतीतलं सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड आधी तपासा. पिन सैल बसते का? बोर्ड गरम लागतो का? संगणक थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटवर लावून दोन दिवस चालवून पाहा. त्याच बोर्डावर इस्त्री किंवा हीटर कधीही लावू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनलाच बोलवा, हे काम आपलं नव्हे.

यूपीएस असेल तर त्याची बॅटरी बघा. साधारण दोन-तीन वर्षांत ती दमते. घर इन्व्हर्टरवर असेल, तर बऱ्याच इन्व्हर्टरांना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. संगणकासाठी तो ‘यूपीएस’कडे हवा, नाहीतर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणभरातच संगणक बंद पडतो.

वहीचा उपयोग कसा होतो, ते आमच्याच घरी दिसलं. मुलाने जुळवलेला संगणक वरचेवर विझू लागला. दुकानात नेला, तिथे तो तासभर छान चालला. तरी दुकानदार म्हणाले, ‘मदरबोर्ड गेला, साडेसात हजार पडतील.’ मी म्हटलं, थोडं थांबू. वहीत सात नोंदी होत्या. त्यातल्या सहा सकाळी साडेसहा किंवा संध्याकाळी सातच्या आसपासच्या. म्हणजे इमारतीचा पाण्याचा पंप सुरू होण्याच्या वेळा! पंप सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडे, यूपीएस बॅटरीकडे वळे आणि बॅटरी मेलेली असल्याने संगणक विझे. हजाराच्या आसपास नवी बॅटरी आली आणि काम झालं. मदरबोर्ड अजून तोच आहे. मुलगा मात्र त्या पंधरवड्यात बरीच बोलणी खाऊन बसला होता, त्याचं काय?

एसएमपीएस

कॅबिनेटच्या आत विजेची वाटणी करणारी जी पेटी असते ती एसएमपीएस. पैसे वाचवायला नेमकी इथेच काटकसर केली जाते. वर मोठा आकडा छापलेली स्वस्त पेटी प्रत्यक्षात तेवढा भार पेलतेच असं नाही. खूण अशी: साधं टायपिंग चालतं, पण गेम सुरू केला किंवा व्हिडिओचं जड काम लावलं की त्याच क्षणी विझतो. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर किती वॅटची पेटी हवी ते छापलेलं असतं, ते ताडून पाहा. शक्य असल्यास ओळखीच्यांकडची चांगली पेटी दोन दिवस लावून बघावी. मात्र पेटीबरोबर तिच्याच केबली वापराव्यात. एका पेटीच्या सुट्या केबली दुसरीला लावल्या तर आतले भाग जळू शकतात, कारण जोडणी सारखी नसते.

आणि ही पेटी स्वतः उघडू नका, मुलालाही उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही तिच्या आत विजेचा साठा राहतो. जोरदार धक्का बसू शकतो.

उष्णता

दहा-पंधरा मिनिटं काम केल्यावर बंद पडतो, लगेच सुरू केला तर पुन्हा लवकरच बंद पडतो, आणि तासाभराने मात्र नीट चालतो? मग उष्णतेकडे बघा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी कामाचा वेग कमी करतो, तरीही भागलं नाही तर संगणक बंद करून टाकतो. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. हा आकडा दाखवणारे फुकट प्रोग्राम मिळतात, मुलाला विचारा.

धूळ हे सर्वांत साधं कारण. दिवाळीच्या साफसफाईत पंखे पुसतो, तसा हाही पंखा साफ करायला हवा. संगणक रीतसर बंद करून प्लग काढा. सुरू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. बाजूचा पत्रा काढा, कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावा, आणि मऊ कोरड्या ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको. आणि संगणक भिंतीला चिकटवून किंवा कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. त्यालाही श्वास घ्यायला जागा लागते.

नवाच जुळवलेला संगणक तापत असेल, तर कूलरच्या तळाचं पातळ प्लॅस्टिक काढायचं राहिलं आहे का, कूलर चारही कोपऱ्यांत नीट बसलाय का, मधली पेस्ट लावली आहे का, हे मुलाला तपासायला सांगा. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरते.

रॅम आणि जोडण्या

निळा पडदा वारंवार येत असेल तर त्यावर लिहिलेली अक्षरं मोबाइलने टिपून ठेवा. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसा, चुरा झटका आणि ‘कट्’ असा आवाज होईपर्यंत परत बसवा. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस चालवून बघा. एकीवर नीट चालतो आणि दुसरीवर पडतो, असं झालं तर चोर सापडला! विंडोजमध्ये मेमरी डायग्नॉस्टिक नावाची चाचणीही आहे, ती रात्री लावून झोपावं. रॅमचा वेग वाढवण्यासाठी बायॉसमध्ये काही बदल केले असतील, तर ते आधी पूर्ववत करून पाहावं.

मदरबोर्डाचं मोठं २४ पिनांचं आणि प्रोसेसरजवळचं छोटं, असे दोन्ही प्लग पूर्ण आत गेलेत का? मदरबोर्डाखाली एखादा सुटा स्क्रू पडलाय का? आणि सुरू करायचं बटण दाबल्यावर आतच अडकत नाही ना? ते चारेक सेकंद दाबलेलं राहिलं तरी संगणक बंद होतो.

एका वेळी एकच बदल

आमटी खारट झाली म्हणून पाणी, गूळ, बटाटा सगळं एकदम घातलं, तर कशाने सुधारली ते कळत नाही. इथेही तसंच. एक गोष्ट बदला, वहीत लिहा, दोन दिवस थांबा. एवढं करूनही छडा लागला नाही तर दुकानात जरूर न्या, पण वही आणि पावत्या सोबत घेऊन. कुठला भाग गॅरंटीत आहे ते आधी बघा, ‘हे कशावरून ठरवलंत?’ असं शांतपणे विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.

या सगळ्यात स्क्रू फिरवण्याचं काम मुलालाच करू द्या, आपण वही धरून शेजारी बसावं. त्याने हौसेने जुळवलेली वस्तू त्याच्याच हातून दुरुस्त झाली, तर तो पुढच्या वेळी अडचण लपवणार नाही, आधी आपल्याकडे येईल. बघा तर करून!