बेगम बाजारातले तीन महिने

ओळखीपाळखीतला एखादा मुलगा स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेतल्या खेड्यात गेला की आपण त्याचं तोंड भरून कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. मी मात्र शाळेतून निवृत्त झाल्यावर तीन महिने हैदराबादच्या बेगम बाजारात राहायला निघाले, तेव्हा आमचे भाऊजी म्हणाले, "वैनी, तिथं लग्नाची भांडी घ्यायला जायचं असतं, राहायला नाही!" बिदरपासून जेमतेम दीडशे किलोमीटर. पण परकं गाव ते परकंच.

काम साधं होतं. अफजलगंज भागातल्या सरकारी दवाखान्यात बिदर, कलबुर्गी, उदगीर, देगलूरकडून जे रोगी येतात, त्यांच्याबरोबर उभं राहायचं. चिठ्ठी कुठं काढायची, रक्त कुठं तपासायचं ते दाखवायचं. आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांचं रोग्याला, रोग्याचं डॉक्टरांना समजावायचं. पगार नाही. खोली भाड्याची, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर.

पहिला आठवडा झोप नाही. सकाळपासून हातगाड्या, हमालांच्या हाका आणि पातेल्यांवर पातेली रचल्याचा खणखणाट. खिडकी उघडावी तर मसाल्याच्या दुकानांतली मिरची नाकात. जेवणाचं सुटलं ते संध्याकाळच्या भाकरीच्या गाडीमुळं. आपली भाकरी, कन्नडची जोळद रोट्टी, ती तिथं 'जोन्न रोट्टे' म्हणून मिळते. पीठ तेच, थापण्याचा आवाजही तोच! आणि पहिल्याच दिवशी गाडीवाल्यानं "और नक्को?" विचारलं, तेव्हा दखनीत आपलं 'नको' सुखानं नांदतंय हे पाहून फार बरं वाटलं.

भाषेची खरी परीक्षा दवाखान्यात. एक कन्नड आजी पोटाला हात लावून "उरी, उरी" म्हणत होत्या. सोबतचा जावई मराठी. त्यानं डॉक्टरांना सांगितलं, छातीत त्रास आहे. आपल्या कानाला 'उरी' म्हणजे उरात! कन्नडात उरी म्हणजे आग, जळजळ. त्यातून 'होट्टे उरी' म्हटलं तर हेवा असाही अर्थ निघतो, हे वाचकांना सांगायला नको. मी आजींना कन्नडात विचारलं, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, रात्री झोपेतून उठवतं का. मग ते डॉक्टरांना हिंदीत. त्यांनी छातीचीही तपासणी करायला लावली, ते योग्यच. आजार ओळखणं त्यांचं काम. कुठं आणि कसं दुखतं ते बिनचूक पोचवणं आपलं. त्या दिवसापासून मला त्या गल्लीत परकं वाटेनासं झालं.

दुपारी वेळ मिळाला की उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या जुन्या चिंचेशी जाऊन यायची. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला, तेव्हा या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली असं सांगतात. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं सल्ल्यासाठी बोलावलं ते विश्वेश्वरय्यांना. जन्म म्हैसूर संस्थानातला, इंजिनिअरिंग पुण्यातलं! शहराच्या वरच्या बाजूला पाणी अडवावं, असं त्यांनी सुचवलं, आणि पुढं उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांनी या माणसावर जरा हक्क सांगायला हरकत नाही.

आणि हैदराबाद तरी परकं कधीपासून? १९५६ पर्यंत आपलं बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे एकाच राज्यात होते. राज्यं वेगळी झाली, पण दुखणं वाढलं की पाय अजून तिकडंच वळतात. उस्मानियाची नवी इमारत गोशामहालला, म्हणजे बेगम बाजाराला लागूनच होणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये पायाभरणीही झाली.

कुणी रोग्याला घेऊन जाणार असाल तर तीन गोष्टी कराच. जुने सगळे कागद एका पिशवीत ठेवा. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, सोबत न्या. आणि रोगी त्याच्या भाषेत काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या, मग ते 'उरी' असो, 'कळ' असो की 'चमक'.