पावसाळ्यातले मूल आणि मार्चमधला पैसा

जून उजाडला की मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरांवर ढग उतरू लागतात. पेरणीचे दिवस असतात. घरातली मोठी माणसे पहाटेच शेतावर जातात आणि तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. कणगीतले गेल्या हंगामाचे धान्य तळाला गेलेले असते आणि नवे घरात यायला अजून तीन-चार महिने असतात. नाले भरले की वाटा तुटतात. पाणी गढूळ होते आणि जुलाब, ताप, खोकला घरोघर शिरतात. अशक्त मूल एरवी कसेबसे तग धरते, या दिवसांत मात्र त्याची ताकद संपते. मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या बहुधा पावसाळ्यातच का येतात, याचे उत्तर इतके साधे आहे.

आता दुसरे चित्र पाहा. मार्च महिन्याची ३१ तारीख. जिल्ह्याच्या ठिकाणी कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत आहेत. देयकांचे गठ्ठे येत आहेत, संगणकावर मंजुऱ्या पडत आहेत. जो निधी आज खर्ची पडणार नाही तो उद्या परत जाणार. ‘मार्चअखेर’ हा शब्द सरकारी नोकरीत असलेल्या कोणत्याही घराला समजावून सांगावा लागत नाही.

या दोन चित्रांमध्ये नऊ-दहा महिन्यांचे अंतर आहे. गरीब मुलांसाठी सरकार पैसा खर्च करीत नाही, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. तरतूद असते. पण मूल भुकेले असते तेव्हा ती कागदावर असते, आणि ती कागदावरून निघते तेव्हा अनेकदा मूलच गावात नसते. दिवाळीनंतर डोंगरातली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. मराठवाड्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलाचे नाव अंगणवाडीच्या पटावर राहते आणि मूल उसाच्या फडावर असते.

कायदे आहेत, योजना आहेत

मुलांच्या पोषणाची सरकारी कहाणी आता पन्नास वर्षांची झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. देशभरात प्रयोगादाखल जे पहिले ३३ प्रकल्प निवडले गेले, त्यांत मुंबईची धारावी होती आणि मेळघाटातली धारणीही होती. म्हणजे धारणीच्या मुलांकडे कोणाचे लक्षच गेले नाही, असे म्हणता येत नाही. लक्ष पहिल्याच दिवशी गेले होते. तरीही १९९३ साली मेळघाटातील कुपोषणाच्या बळींनी साऱ्या देशाला हादरवले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम आला. आरंभी आपल्याकडे मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. तो घरातल्या एकाच पातेल्यात शिजे आणि सर्वांत वाटला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्नच द्या, वर्षाला किमान २०० दिवस द्या आणि त्यात किमान ३०० कॅलरी असू द्या, असा आदेश दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाचा अंगणवाडीतील आहार हा त्याचा हक्कच ठरवला. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

मग निकाल काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ३५.२ टक्के भरले. उंचीच्या मानाने रोड असलेली मुले दोन्ही वेळा २५.६ टक्के होती. देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक म्हणवणाऱ्या राज्यात दर चार मुलांपैकी एकाच्या अंगावर मांस नाही आणि चार वर्षांत त्यात तसूभरही फरक नाही, हे आकडे शांतपणे वाचण्यासारखे नाहीत.

आठ रुपयांचे गणित

अंगणवाडीतल्या एका मुलाच्या दिवसाच्या आहारासाठी २००८ मध्ये चार रुपये ठरले होते. २०१२ मध्ये त्याचे सहा झाले आणि २०१७ मध्ये आठ. त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली. करोनाची साथ येऊन गेली, तेल आणि डाळींचे भाव कुठल्या कुठे गेले, पण आठ रुपये आठच राहिले. घर चालवणाऱ्या गृहिणीला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दर तोच राहिला आणि बाजार चढला, की पातेल्यातली डाळ पातळ होते. अंदाजपत्रकात एका पैशाचीही कपात न करता मुलाच्या ताटात कपात होते, आणि तिच्यावर विधिमंडळात चर्चा होत नाही, कारण ती कोणत्याही कागदावर दिसत नाही.

हे अटळ आहे काय? मुळीच नाही. त्याच सरकारची शालेय पोषण योजना पाहा. तेथे धान्य वेगळे मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी पहिली ते पाचवीच्या मुलामागे २०२२ मध्ये ५ रुपये ४५ पैसे होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते ६ रुपये १९ पैसे झाले आणि मे २०२५ मध्ये ६ रुपये ७८ पैसे. रक्कम फार मोठी आहे असे नव्हे. पण ती ग्रामीण मजुरांच्या महागाई निर्देशांकाशी जोडली गेली आहे, म्हणून ती हलते. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो. सहा वर्षांच्या मुलाच्या डाळीला जो न्याय लागू होतो, तो तीन वर्षांच्या मुलाच्या डाळीला का लागू होऊ नये? मेंदूची आणि शरीराची सर्वांत झपाट्याची वाढ तर पहिल्या तीन वर्षांतच होते.

कात्री कोठे लागते

मुलांच्या तरतुदीचे आणखी एक दुर्दैव आहे. हात आखडता घ्यायची वेळ आली की कात्री तेथे सहज लागते. २०१५-१६ साली चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांना करांतील मोठा वाटा मिळाला, तेव्हा केंद्राने अंगणवाडी योजनेची आपली तरतूद आदल्या अंदाजपत्रकातील सुमारे १८ हजार कोटींवरून निम्म्याहूनही खाली आणली. बराच गदारोळ झाल्यावर पुरवणी मागण्यांतून त्यातली बरीच रक्कम परत आली. पण वर्षाच्या मध्ये परत आलेला पैसा गेलेले महिने परत आणत नाही.

आपल्या राज्यातले उदाहरण अगदी अलीकडचे आहे. नोव्हेंबर २०२३ पासून शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडे मिळू लागले होते. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि शाळांनी हवे असल्यास लोकवर्गणीतून अंडी द्यावीत, असे सांगितले. बातम्यांत वर्षाला सुमारे ५० कोटींचा आकडा आला होता. राज्याचे अंदाजपत्रक लाखो कोटींचे. त्यात ५० कोटींची बचत डोळ्यांत भरत नाही, पण आठवड्याचे एकुलते एक अंडे गेलेले वर्गातल्या प्रत्येक मुलाला दिसते. ज्या गावात वर्गणी जमू शकते तेथील मुलांच्या घरी बहुधा अंडी असतातच. जेथे ती जमत नाही, तेथेच ती हवी होती.

केंद्रीय अंदाजपत्रकात २००८-०९ पासून बालकांसाठीच्या तरतुदींचे स्वतंत्र विवरण दिले जाते, ही चांगली प्रथा आहे. अठरा वर्षांखालील मुले लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत या विवरणातील रकमा एकूण खर्चाच्या अडीच टक्क्यांच्या आतबाहेर राहिल्या आहेत. अर्थात, मुलांवरचा बराच खर्च राज्ये करतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पण विवरणातून किती ठेवले ते कळते, केव्हा पोचले ते कळत नाही. खरी मेख तेथे आहे.

घरातला हिशेब सरकारात का नको?

आपल्या घरात शाळेच्या वह्या-पुस्तकांचे पैसे आई मे महिन्यातच बाजूला काढते. दप्तर, छत्री, गणवेश यांची खरेदी जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हावी लागते. मार्चमध्ये छत्री घेऊन काय करणार? सरकारचे मात्र उलटे चालते. केंद्राचा हप्ता मागच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर सुटतो, त्यात राज्य आपला हिस्सा घालते, मग जिल्हा, मग प्रकल्प, मग पुरवठादार. प्रत्येक पायरीवर एखादी त्रुटी निघते. केंद्राच्या वित्तीय नियमांत वर्षअखेरीच्या घाईच्या खर्चाला आर्थिक शिस्तीचा भंग म्हटले आहे आणि मार्चमधील खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादाही घातलेली आहे. महालेखापालांचे अहवाल मार्चच्या गर्दीवर वर्षानुवर्षे बोट ठेवतात. अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात आणि पुढचा मार्च येतो.

वेळेवर पोचलेला थोडा पैसा काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या सेवेचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत स्वीकारली गेली. मोठी इमारत लागली नाही, महागडे यंत्र लागले नाही. घरात मूल जन्मले त्या दिवशी दाराशी शिकलेले माणूस हजर होते.

यातून चार गोष्टी निघतात. अंगणवाडीचा आहारदर शाळेच्या दराप्रमाणे महागाईशी जोडावा. आदिवासी भागातील पावसाळ्याचा आहार आणि औषधे यांचा निधी मे संपण्यापूर्वी गावात पोचलाच पाहिजे, त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्राची वाट पाहू नये. स्थलांतरित मुलाचा आहार त्याच्या मागे जावा, आणि गावी राहू शकणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे दिवाळी संपताच उघडावीत. जानेवारीत मंजूर झालेले वसतिगृह कोणाच्या उपयोगाचे? चौथी गोष्ट, अंगणवाडीच्या दारावर यंदा या गावातील मुलांसाठी किती रुपये यायचे होते आणि कोणत्या तारखेला किती आले, याचा फलक लावावा व तो ग्रामसभेत वाचावा. २०१५ पासून पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याची पद्धत महाराष्ट्रानेच सुरू केली. थेट पैसा देता येतो, हे तिने दाखवून दिलेले आहे.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. पण शहरातल्या पगारदाराने या राज्यात एकदा त्याचे उत्तर दिलेले आहे. आपल्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची एक छोटी ओळ असते. रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून १९७५ च्या कायद्याने तो कर आला. खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून शहराने दरमहा थोडी झळ सोसली, आणि फारशी कुरकुर केली नाही.

तेव्हा या मार्चमध्ये अंदाजपत्रक सादर झाल्यावर काय स्वस्त, काय महाग हे आपण जरूर वाचावे. पण मुलांसाठीच्या पैशाचा हिशेब मागायची तारीख वेगळी आहे. ती ३१ मे आहे. त्या दिवशी धारणीच्या अंगणवाडीत डाळ, तेल आणि औषध पोचलेले आहे की नाही, एवढाच प्रश्न आपल्या आमदाराला विचारावा. ढग त्यानंतर आठ-दहा दिवसांतच येतात.