कंबरदुखी, कायरोप्रॅक्टिक आणि आपली मागणी

गेल्या तीन महिन्यांत चार शाखांकडून आमच्याकडे एकच प्रश्न आला. शहरांतून कंबर-मानेच्या दुखण्यावर कायरोप्रॅक्टिक नावाचे जे उपचार मिळू लागले आहेत, त्यांचा खर्च रेल्वेने द्यावा अशी मागणी युनियनने करावी काय? एका शाखेने तर तसा ठराव मंजूर करूनच पाठवला. ठरावाचे मूळ काय ते आम्हाला ठाऊक आहे. मोबाइलवरची चित्रफीत. टेबलावर पालथा पडलेला माणूस, पाठीवर दाब, कट्टकन आवाज, आणि माणूस उठून हसतो. ट्रॅकवर वीस वर्षे पहार मारलेल्या माणसाने हे पाहिले की त्याला आशा वाटणारच.

कंबरदुखी हा आपल्या लोकांचा धंदेवाईक रोग आहे, मग तो कोणत्याही यादीत असो वा नसो. साठ किलोचा रूळ म्हणतो तेव्हा ते वजन एका मीटरचे असते. सिमेंटचा स्लीपर अडीचशे किलोच्या वर जातो. यंत्रे आली, तरी मोडलेल्या जागी रात्री दोन वाजता यंत्राआधी माणूसच पोहोचतो. तिकडे टपालातले साथी थैल्या उचलून आणि छाटणीच्या खणांपुढे उभे राहून पाठ घालवतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. आपल्या किती सुपरवायझरांना ती माहीत असेल?

गावी आपण काय करत होतो तेही आठवावे. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून कंबरेवर लाथ मारून घ्यायची. आम्हीही गँगमध्ये असताना ही लाथ खाल्लेली आहे. उसण चार दिवसांनी उतरली. लाथेने उतरली की चार दिवसांनी, हे त्या वेळी विचारायचे सुचले नाही.

कायरोप्रॅक्टिक ही अमेरिकेतली विद्या. डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी ती सुरू केली. त्याचा पहिला रोगी हार्वे लिलार्ड हा त्याच इमारतीत झाडलोट करणारा कृष्णवर्णीय कामगार होता. वाकून काम करताना पाठीत काहीतरी कट्ट झाले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे तो सांगे. पामरने पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा झाला. पामरचे म्हणणे, मणका जागचा सरकला की मज्जातंतू दबतो आणि बहुतेक रोग त्यातून होतात. हे म्हणणे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले नाही. तरी विद्या वाढली. १९१३ साली कॅन्सास राज्याने कायरोप्रॅक्टरना परवाना देणारा कायदा केला, १९७४ मध्ये लुइझियाना हे शेवटचे राज्य आले. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने यांच्यावर बहिष्कार घातला होता, तो बेकायदा असल्याचा निकाल १९८७ साली न्यायालयाने दिला. आज तिथे कॉलेजच्या शिक्षणानंतर साधारण चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि सरकारी परीक्षा झाल्याशिवाय ही पाटी लावता येत नाही.

आपल्याकडे तसे नाही. डॉक्टरांची जशी परिषद आहे, तशी कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी कायदेशीर परिषद भारतात नाही. परदेशात रीतसर शिकून आलेले काही आहेत. आठ दिवसांचा वर्ग करून पाटी लावणारेही आहेत. पाटी दोघांचीही सारखीच दिसते.

आता तिथे गेल्यावर काय होते ते सांगतो. चांगला माणूस आधी अर्धा तास विचारपूस करतो. दुखणे कधीपासून, पायात मुंग्या येतात का, ताप, वजन उतरणे, पूर्वीचा क्षय, हाडे ठिसूळ असणे, कोणत्या गोळ्या चालू आहेत. वाकवून पाहतो, पायातली ताकद पाहतो. प्रत्येकाचा एक्स-रे काढायची गरज नसते. मग टेबलावर निजवून हाताने सांध्याला झटका देतो. जो आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम उतरला की वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. बोटे मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणून गुण आला असे नाही, नाही आला म्हणून पैसे फुकट गेले असेही नाही. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकते, ते बहुतेक आपोआप जाते.

गुण येतो का? कंबरेच्या साध्या दुखण्यात काहींना येतो, पण तो बेताचा असतो आणि व्यायाम किंवा इतर मान्य उपचारांपेक्षा फार जास्त नसतो. आजवरच्या अभ्यासांचा सूर हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे ती संघटना सांगते. त्या सूचनांत व्यायाम, रोग्याला नीट समजावून सांगणे यांबरोबर मणक्यावरचे हाताचे उपचार आणि मालिशही आहे. आणि नको म्हटलेल्या गोष्टींत कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणे आहे. आपल्याकडे सर्रास दिले जाते ते नेमके हेच, हेही डॉक्टरसाहेबांनी ध्यानात घ्यावे. आम्ही मॅट्रिक झालेली माणसे, पण छापलेले वाचता येते.

दमा, रक्तदाब, साखर, बहिरेपणा हे मणका दाबून जाते असे कोणी सांगितले तर त्या पायरीवरूनच परत फिरावे.

आणि धोक्याचे. लघवी वा शौचाचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद जाणे, असे काही झाले तर कोणाच्याही टेबलावर चढू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप आणि वजन उतरण्यासह पाठदुखी असेल तर आधी मणक्याचा क्षय नाही ना हे पाहून घ्यावे. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही, आणि किडलेल्या मणक्याला झटका दिला तर माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. मानेला झटका देण्यात आणखी एक भय असते. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. आमच्या घरच्या कोणाची मान आम्ही असल्या झटक्याला देणार नाही.

एका ट्रॅकमन साथीची हकिकत लिहितो, नाव-गाव देत नाही. पहिल्या दिवशी त्याला बरे वाटले. तेव्हा समोर चोवीस बैठकांचा हिशेब ठेवण्यात आला, पैसे आगाऊ. सोसायटीचे कर्ज काढून त्याने भरले. सहाव्या बैठकीनंतर पूर्वीइतकेच दुखू लागले, आणि पैसे परत मिळाले नाहीत. तीन-चार आठवड्यांत फरक पडत नसेल तर थांबावे, ही साधी गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. आम्हीही नाही. हा दोष आमचाही आहे.

पण खरा प्रश्न तर पुढेच आहे. हा साथी रेल्वे रुग्णालयात का गेला नाही? आम्ही विचारले तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "साहेब, कागदावर कंबर आली की कॅटेगरी जाते." हे भय घराघरात आहे. रिस्क अँड हार्डशिप भत्ता ट्रॅकवर असेपर्यंतच. म्हणून माणूस सिक मेमो घेत नाही, दुखणे लपवतो आणि बाहेर पैसे मोजतो. त्याला हे माहीत नसते की डीकॅटेगराइज झालेल्याला पर्यायी काम देण्याचे नियम रेल्वेच्या आस्थापना नियमावलीत १३ व्या प्रकरणात आहेत. अपंगत्वाच्या व्याख्येत बसत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०(४) प्रमाणे नोकरीत अपंगत्व आलेल्याला काढता वा खालच्या पदावर टाकता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावे लागते. नुसती कंबरदुखी या व्याख्येत आपोआप बसत नाही, हेही स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या आमच्याच नावाने ओरड होईल. पण नोंदच नसेल तर उद्या मणका खरोखर गेल्यावर आपण कोणता कागद दाखवणार?

तेव्हा आमचे मत असे की कायरोप्रॅक्टिकच्या बिलांची मागणी युनियनने करू नये. ज्याची नोंदणी नाही, त्याच्या बिलाला मान्यता मागणे म्हणजे आपल्याच माणसाला त्याच्या टेबलावर ढकलणे होय. स्वतःच्या पैशाने कोणी गेला तर त्याला आम्ही अडवणार नाही. मागायचे ते हे की, हेल्थ युनिटवर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट यावा. विभागीय रुग्णालयात तो असतो, पण रोडसाइड स्टेशनवरच्या माणसाचा तिथे जायचा दिवस बुडतो, आणि दहा वेळा जायचे म्हणजे दहा दिवस. दुखण्याच्या पहिल्या आठवड्यात लाइट ड्युटी मिळावी, कॅटेगरीला हात न लावता. आणि एकट्याने उचलायच्या वजनाची लेखी मर्यादा प्रत्येक गँगच्या टूल रूममध्ये लागावी.

टपालातले ग्रामीण डाकसेवक साथी तर सीजीएचएसच्याही बाहेर आहेत. बारा गावांत सायकल मारून त्यांची कंबर गेली तर खर्च त्यांच्या खिशातूनच. त्यांचा प्रश्न आपल्या ठरावात एका ओळीने उरकू नये, तो वेगळा मांडावा असे आम्ही टपाल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना कळवले आहे.

ज्या शाखेने ठराव पाठवला, तिने तो परत मागवून पुन्हा चर्चेला घ्यावा ही विनंती. इतर शाखांनी गेल्या वर्षभरात कंबरेमुळे किती जणांनी सिक काढली आणि किती जणांनी न काढता बाहेर उपचार घेतले, ही यादी नावे न लिहिता, फक्त कॅटेगरी आणि गँग नंबर टाकून पाठवावी. पुढच्या पीएनएम बैठकीत विषय घालायचा तर हे आकडे महिनाअखेर हातात हवेत.