टीम मार्गारेट की टीम कायला?

एका बाईनं नशेच्या भरात आपलं तान्हं बाळ कचऱ्यात सोडलं. कचरा उचलणाऱ्यांना ते सापडलं आणि वाचलं. हॉस्पिटलमधल्या एका समाजसेविकेनं त्याला घरी नेलं, पोटच्या पोरासारखं सांभाळलं. काही वर्षांनी पहिली बाई व्यसनातून सुटली, आपलं बाळ जिवंत आहे हे तिला कळलं आणि ती कोर्टात उभी राहिली. म्हणाली, माझं मूल मला द्या.

बोला, कुणाला द्यायचं?

उत्तर तयार आहे ना? आता राहिलेला तपशील ऐका. पहिली बाई काळी आहे, दुसरी गोरी. बाळ काळं. शहर शिकागो.

हा १९९५चा सिनेमा, ‘लूझिंग आयझाया’. कायला म्हणजे हॅली बेरी आणि मार्गारेट म्हणजे जेसिका लँग. कायलाचा वकील झालाय सॅम्युअल एल. जॅक्सन आणि समोरच्या बाजूची वकील झालीय त्याची खऱ्या आयुष्यातली बायको, लटान्या रिचर्डसन. (कोर्टातले सीन बघताना हे डोक्यात ठेवा, वेगळीच मजा येते.) ओटीटीवर सापडला तर नक्की बघा. पण बघून झाल्यावर ‘चांगली आई कोण’ यावर ग्रुपमध्ये पोल घेऊ नका. तो निकाल सिनेमानं आधीच फिक्स केलाय. कायला आपल्याला पहिल्यांदा भेटते तीच मुळी मूल टाकताना. मार्गारेट भेटते ती त्याला कवटाळताना. मग पुढे कायला कितीही बदलली तरी आपण सुरुवात विसरतो का?

देवकी आणि यशोदा आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत, म्हणून ही गोष्ट ओळखीची वाटते. पण देवकी तुरुंगात का होती, हेही आपल्याला माहीत असतं. तिच्या गोष्टीत कंस असतो. कायलाच्या गोष्टीतला कंस सिनेमा नीट दाखवतच नाही.

तो होता. अमेरिकेत १९८६ साली ड्रग्जविरोधी कायदा आला. ५०० ग्रॅम कोकेन पावडर विकताना सापडलात तर किमान ५ वर्षं आत. आणि क्रॅक? तेच कोकेन, फक्त खड्यांच्या रूपात. त्याला ५ ग्रॅम पुरे! क्रॅक स्वस्त, म्हणून गरीब वस्त्यांत पसरलेलं, आणि त्यात तुरुंगात गेले ते बहुतेक काळे. हे १०० ला १ प्रमाण २०१० मध्ये १८ ला १ वर आलं. बरोबरीत नाहीच. एवढं कळल्यावर कायला नुसती ‘वाईट आई’ राहत नाही.

कोर्टातला सगळ्यात टोचणारा भाग वेगळाच आहे. वकील मार्गारेटला विचारतो, या मुलाच्या घरात त्याच्यासारखं दिसणारं कोण आहे? खेळण्यांत, पुस्तकांत, येणाऱ्या-जाणाऱ्यांत? ती चिडते. तिचं म्हणणं, प्रेमाबद्दल कुणीच कसं बोलत नाही! मला तिचा राग समजतो. पण प्रश्न फालतू नव्हता. १९७२ मध्येच अमेरिकेतल्या काळ्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनं काळी मुलं गोऱ्या घरांत दत्तक द्यायला ठाम विरोध केला होता. उलट १९९४ च्या केंद्रीय कायद्यानं सांगितलं, की फक्त वंशाच्या कारणावरून दत्तक देणं अडवायचं नाही. सिनेमा आला तो या वादाच्या ऐन भरात. आणि गंमत बघा, कायला साकारणाऱ्या हॅली बेरीला खऱ्या आयुष्यात वाढवलं ते तिच्या गोऱ्या आईनं.

आता शेवट. स्पॉयलर आहे, पण तीस वर्षं झाली, चालतंय. न्यायाधीश मूल कायलाला देतात. आणि आयझाया मिटतो. अनोळखी घर, अनोळखी बाई, जिला सगळे त्याची आई म्हणतायत. ‘तुला कुठे राहायचंय’ हे त्या चिमुरड्याला कुणी विचारलेलंच नसतं. शेवटी केस जिंकलेली कायलाच मार्गारेटला बोलावते.

अनेकांना हा शेवट पळपुटा वाटतो. मला तो सिनेमातला एकमेव धाडसी निर्णय वाटतो. कोर्टाला एकच नाव लिहायचं होतं. कायलानं, जिंकल्यावर, दुसरंही लिहिलं.